जो नको म्हणाला आणि बरोबर गेला

“मी सांगत होतो!” हे वाक्य कधी उच्चारलेच गेले नाही, असे घर महाराष्ट्रात सापडणे कठीण. प्रवासाला निघताना, लग्न ठरवताना, जमिनीचा व्यवहार करताना घरातला एखादा काका नाहीतर मामा ‘हे करू नका’ म्हणून बजावतो. बाकीची मंडळी त्याला गप्प बसवतात. पुढे त्याचे म्हणणे खरे ठरले, की हे तीन शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडल्यावाचून राहत नाहीत. मला स्वतःला ते शब्द जरा जास्तच आवडतात, अशी आमच्या घरच्यांची तक्रार आहे. त्यामुळेच असेल, पण हे शब्द उच्चारण्याचा ज्याला पुरेपूर अधिकार होता अशा एका माणसाची हकीकत माझ्या वाचनात आली आणि मनातून काही केल्या जाईना. आपले म्हणणे खरे ठरण्याची वाट पाहत हा माणूस बाजूला बसला नाही. ज्यांनी त्याचे ऐकले नाही, त्यांच्याच बरोबर तो बर्फात उतरला.

त्याचे नाव लेव्ही सॅव्हेज. जन्म २३ मार्च १८२०, अमेरिकेतल्या ओहायो प्रांतात. तो राजा नव्हता, सेनापती नव्हता, ग्रंथकारही नव्हता. शेतकऱ्याचा मुलगा होता आणि शेतकरी म्हणूनच मेला. रोजनिशी लिहिण्याची सवय मात्र त्याला होती, आणि त्या सवयीमुळेच तो आज आपल्याला भेटतो.

तो ज्या पंथात शिरला त्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने १८३० साली न्यूयॉर्क प्रांतात एक नवा ख्रिस्ती पंथ स्थापन केला. ‘मॉर्मनचा ग्रंथ’ हे या पंथाचे नवे धर्मपुस्तक, म्हणून लोक त्यांना मॉर्मन म्हणू लागले. शेजाऱ्यापाजाऱ्यांना हे लोक सुरुवातीपासून खुपत. त्यांची एकजूट खुपे, एकगठ्ठा मते खुपत, आणि पुढे त्यांच्यातली बहुपत्नीत्वाची चाल कानावर आली तेव्हा तर रागाला पारावार उरला नाही. १८४४ साली इलिनॉय प्रांतात तुरुंगावर चालून आलेल्या जमावाने जोसेफ स्मिथला गोळ्या घालून ठार केले. पुढे १८४६ च्या फेब्रुवारीपासून ब्रिगम यंग या त्याच्या अनुयायाच्या मागे हजारो लोक घरेदारे सोडून पश्चिमेकडे निघाले. जुलै १८४७ मध्ये त्यांची पहिली तुकडी रॉकी पर्वताच्या पलीकडे, खाऱ्या पाण्याच्या एका मोठ्या सरोवराजवळ पोचली. तेच आजचे सॉल्ट लेक शहर.

पंथाचे लोक असे परागंदा होत असताना, १८४६ च्या उन्हाळ्यात, लेव्हीने त्यांचा धर्म स्वीकारला. चलतीच्या काळात पंथात शिरणारे पुष्कळ असतात. याने पडता काळ निवडला. त्याच उन्हाळ्यात मेक्सिकोशी युद्ध सुरू असल्याने अमेरिकन सरकारने मॉर्मन लोकांची सुमारे पाचशे जणांची एक पलटण उभी केली. लेव्ही तिच्यात भरती झाला आणि मिसुरी नदीच्या काठापासून पॅसिफिक महासागरापर्यंत सुमारे दोन हजार मैल चालत गेला. युद्धात लढण्याचा प्रसंग आला नाही, पण वाळवंट म्हणजे काय, उपास म्हणजे काय आणि पाय म्हणजे काय, हे त्याला पक्के कळले. ऑक्टोबर १८४७ मध्ये तो सॉल्ट लेकला पोचला. तिथे जेन मॅथर्स हिच्याशी त्याचे लग्न झाले, १८५१ च्या जानेवारीत मुलगा झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जेन वारली.

पोर अजून दोन वर्षांचेही झाले नव्हते, तोच १८५२ च्या ऑगस्टमध्ये भरलेल्या सभेत दूरदेशी पाठवायच्या प्रचारकांची नावे वाचून दाखवण्यात आली. लेव्हीच्या नावापुढे देश होता सयाम! मुलाला बहिणीच्या ओटीत घालून तो निघाला.

आता ही कथा आपल्या दाराशी येते. सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले ‘मॉन्सून’ नावाचे जहाज तेरा मॉर्मन प्रचारकांना घेऊन एप्रिल १८५३ च्या अखेरीस कलकत्त्याच्या धक्क्याला लागले. त्याच महिन्याच्या १६ तारखेला आपल्या बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली होती. पुण्या-मुंबईला तर हे लोक त्याआधीच पोचले होते. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक १८५२ सालीच मुंबईत उतरला होता आणि पुण्यातही त्याने काम केले. त्यांच्या पदरी फारसे काही पडले नाही. जे थोडे लोक मिळाले त्यांत गोऱ्या पलटणींतील शिपायांचाच भरणा अधिक होता. लेव्हीची कथाही तशीच. ब्रह्मदेशातले युद्ध नुकतेच आटोपत होते. सयामची वाट काही उघडेना. तो रंगून आणि मौलमीन येथे राहिला, ब्रह्मी भाषा शिकण्याची खटपट केली, पावसाळे काढले, आणि जवळजवळ रिकाम्या हातांनी परत फिरला. १८५६ च्या आरंभी तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला. पृथ्वीला प्रदक्षिणा घालून घराकडे निघालेला हा विधुर गडी. घर अजून दोन-अडीच हजार मैल दूर होते, आणि घरी आता पाच वर्षांचे झालेले, त्याला न ओळखणारे एक पोर होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे कारण पडणार आहे.

याच सुमारास मॉर्मन पुढाऱ्यांसमोर एक अडचण उभी होती. इंग्लंड, स्कॉटलंड, डेन्मार्क इथल्या गिरणी-कामगारांनी, खाणमजुरांनी, विणकऱ्यांनी मोठ्या संख्येने हा पंथ स्वीकारला होता. त्यांना यूटाला यायचे होते, पण बैलजोडी आणि मोठी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. पंथाचा मदतनिधीही आटत चालला होता. तेव्हा ब्रिगम यंगने तोड काढली: बैल नकोत, माणसांनीच हातगाड्या ओढाव्यात. आगगाडी आयोवा सिटीपर्यंत येऊन थांबत होती. तिथून पुढे सुमारे तेराशे मैल पायी चालायचे. पाच माणसांत एक हातगाडी आणि माणशी सतरा पौंड सामान, म्हणजे आठ किलोसुद्धा नाही. अंथरूण, पांघरूण, कपडे, भांडी सारे त्यातच!

कल्पना अगदीच वेडगळ नव्हती, हे सांगितले पाहिजे. त्या वर्षीच्या पहिल्या तीन तुकड्या वेळेवर निघाल्या आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या तारखेपर्यंत पोचल्याही. घात केला तो उशिराने. चौथी तुकडी लिव्हरपूलहून ‘थॉर्नटन’ जहाजाने मे महिन्यात निघाली आणि जूनच्या अखेरीस आयोवा सिटीला आली. पाहतात तो गाड्या तयार नाहीत, तंबू शिवलेले नाहीत. ओल्या लाकडाच्या गाड्या घाईघाईने ठोकून १५ जुलैला सुमारे पाचशे माणसे निघाली. त्यांत म्हातारेकोतारे होते, लेकुरवाळ्या बाया होत्या, विधवा होत्या. नायक होता जेम्स विली आणि त्याच्या हाताखालच्या एका शतकाचा प्रमुख होता आपला लेव्ही सॅव्हेज. लाकूड वाळत गेले तसतशी चाके खिळखिळी होऊ लागली. आसांना घालायला वंगण मिळेना.

ऑगस्टच्या मध्याला ही मंडळी मिसुरीकाठच्या फ्लॉरेन्स या वस्तीत पोचली. पुढे हजार मैल होते. वाटेत घर नाही, बाजार नाही. दोन-चार किल्ले तेवढे होते. आता निघायचे की हिवाळा इथेच काढायचा? १३ ऑगस्टच्या संध्याकाळी सभा भरली. बहुतेक पुढारी म्हणाले, निघावे, देव सांभाळील. तुकडीतल्या बहुतेकांनी ती वाट पाहिलेली नव्हती. जी थोडी माणसे पूर्वी त्या वाटेने गेली होती, त्यांतला लेव्ही उभा राहिला. दहाच वर्षांपूर्वी सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकून डोनरच्या तांड्यातली निम्मी माणसे मेल्याची गोष्ट अमेरिकेत पोराटोरांनाही ठाऊक होती. लेव्हीने स्पष्ट सांगितले, की इतक्या उशिरा निघालो तर गुडघाभर बर्फ तुडवावे लागेल, रात्री पातळ पांघरुणानिशी गोठलेल्या जमिनीवर पडावे लागेल. म्हातारी माणसे आणि मुले यांतून वाचणार नाहीत, त्यांना तरी इथेच ठेवा.

मघाशी जी गोष्ट ध्यानात ठेवायला सांगितली ती इथे आठवावी. चार वर्षांनी घराकडे निघालेल्या या माणसाला लवकर पोचण्याची ओढ कुणाहून कमी होती? आपल्या स्वार्थाशी जुळणारा सल्ला कोणीही देतो. लेव्हीने दिलेला सल्ला त्याच्या स्वतःच्या काळजावर पाय ठेवून दिलेला होता. मला तर त्याच्या शब्दांना खरे वजन इथेच आलेले दिसते.

विलीला ते बोलणे रुचले नाही. श्रद्धा कमी असल्याचा ठपका आला. जमलेल्या लोकांनी हात वर केले आणि निघायचे ठरले. तेव्हा लेव्ही जे बोलला ते जॉन चिझलेट या त्याच्याच बरोबरीच्या शतकप्रमुखाने नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा, की मी बोललो ते खरे आहे हे मला माहीत आहे. पण तुम्ही जायचे ठरवले आहे, तर मीही येईन. जमेल तेवढी मदत करीन, तुमच्याबरोबर कष्ट करीन, तुमच्याबरोबर हाल सोशीन आणि वेळ आली तर तुमच्याबरोबर मरेन. हा चिझलेट पुढे पंथ सोडून गेला आणि पुढाऱ्यांवर त्याने कडक टीका केली. लेव्ही जन्मभर पंथातच राहिला. पण त्या सभेत लेव्हीने धोक्याचा इशारा दिला, याबद्दल चिझलेटचे लिखाण आणि लेव्हीची रोजनिशी यांत फरक नाही.

फ्लॉरेन्सला सुमारे शंभर माणसे मागे राहिली, चारशेच्या वर निघाली. प्रत्येक हातगाडीवर पिठाचे अठ्ठ्याण्णव पौंडांचे एकेक पोते चढवण्यात आले. सप्टेंबरच्या सुरुवातीला नेब्रास्काच्या माळरानावर एका रात्री जनावरे उधळली आणि तीसेक बैल कायमचे गेले. दुभत्या गाई गाड्यांना जुंपल्या, पण त्यांना ओढ कशी साधणार? कमी केलेले ओझे पुन्हा माणसांच्याच गाड्यांवर आले.

काही दिवसांनी फ्रँकलिन रिचर्ड्स हा युरोपातल्या मॉर्मनांचा प्रमुख चांगल्या घोड्या-खेचरांच्या गाड्यांतून मागून येऊन त्यांना गाठता झाला. फ्लॉरेन्सची हकीकत त्याला कळली होती. त्याने सगळ्यांदेखत लेव्हीची कानउघाडणी केली आणि लोकांना आश्वासन दिले, की डावी-उजवीकडे वादळे झाली तरी देव तुमची वाट मोकळी ठेवील. पुढच्या किल्ल्यावर रसद मिळण्याची आशा लावून तो निघून गेला. लॅरमीच्या किल्ल्याला पोचल्यावर कळले, की तिथे रसद नाही. पिठाचा वाटा कमी झाला, पुढे आणखी कमी झाला. मोठ्या माणसाला दिवसाला दहा-बारा औंस, म्हणजे पाव किलोच्या थोडे वर. तेवढ्यावर दिवसभर गाडी ओढायची!

रिचर्ड्सला नुसता खलपुरुष ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. ४ ऑक्टोबरला तो सॉल्ट लेकला पोचला आणि वाटेवर अजून हजारावर माणसे आहेत ही बातमी त्यानेच यंगला दिली. कारण विलीच्या मागे मार्टिन नावाच्या नायकाची पाचवी, याहूनही मोठी तुकडी येत होती. दुसऱ्याच दिवशी धर्मसभा होती. यंगने व्यासपीठावरून सांगितले, की आजचा धर्म एवढाच: ती माणसे आणायची. चाळीस तरुण गाडीवान आणि बारा टन पीठ त्याने मागितले. बायांनी तिथल्या तिथे पायमोजे, शाली, लुगड्याखालच्या परकरांसारखे आतले जाड घागरे काढून दिल्याचे सांगतात. ७ ऑक्टोबरला पहिल्या गाड्या निघाल्या.

१९ ऑक्टोबरला वायोमिंगच्या उघड्या पठारावर विलीच्या तुकडीला बर्फाने गाठले. त्याच दिवशी शेवटचे पीठ वाटून संपले. सॉल्ट लेकहून पुढे धाडलेले चार स्वार त्या दिवशी भेटले आणि ‘गाड्या येत आहेत’ असे सांगून मागच्या तुकडीच्या शोधात गेले. पण गाड्या येईनात. दुसऱ्या दिवशी विली आणि त्याचा एक सोबती अशक्त जनावरांवर बसून बर्फातून त्यांना शोधायला निघाले. मदतीची मंडळी वादळामुळे वाटेपासून आडोशाला थांबली होती. त्यांतल्या एका तरुणाने सहज सुचले म्हणून रस्त्यावर एक पाटी रोवून ठेवली होती. ती पाटी विलीला दिसली नसती, तर पुढचे सांगायला नको. २१ तारखेला पीठ पोचले, शेकोट्या पेटल्या. तोवर रोज कोणी ना कोणी मरत होते.

खरी परीक्षा २३ ऑक्टोबरला होती. आपल्याकडे आश्विन संपत आलेला, दिवाळी चार-पाच दिवसांवर आलेली. तिकडे ही माणसे ‘रॉकी रिज’ नावाचा खडकाळ चढ, समोरून झोंबणारा वारा आणि बर्फ अंगावर घेत चढत होती. ग्लासगोहून आलेल्या कर्कवुड कुटुंबातली विधवा आई आपल्या अपंग मुलाला हातगाडीत घालून ओढत होती. अकरा वर्षांच्या जेम्सकडे चार वर्षांच्या धाकट्या भावाचे काम दिले होते. भाऊ चालेना, तेव्हा जेम्सने त्याला पाठीवर घेतले. रात्री उशिरा तो तळावर पोचला, भावाला शेकोटीजवळ उतरवले आणि स्वतः कोसळला तो उठला नाही.

लेव्ही त्या दिवशी मागच्या टोकाला होता. मागे पडलेल्यांना उचलायचे, गाडीत जागा करायची, जागा संपली की कुणाला धरून चालवायचे, असे चालले होते. जिवंत, मेलेले आणि मरणपंथाला लागलेले, सगळे एकाच गाडीत. शेवटचे लोक तळावर आले तेव्हा पहाट होत आली होती. दुसऱ्या दिवशी तिथे एकच मोठा खड्डा खणून तेरा जणांना पुरले. खणणाऱ्यांपैकी दोघेजण संध्याकाळच्या आत गेले. त्यांना शेजारी पुरले.

९ नोव्हेंबर १८५६ रोजी विलीची तुकडी सॉल्ट लेकला पोचली. वाटेत सदुसष्टच्या आसपास माणसे मेली होती. मागून आलेल्या मार्टिनच्या तुकडीत तर त्याच्या दुपटीने गेली. इतक्या उशिरा माणसे निघू दिल्याबद्दल यंगने पुढाऱ्यांना जाहीरपणे बोल लावला. पुढे १८६० पर्यंत हातगाड्यांच्या आणखी पाच तुकड्या आल्या, पण असा अनर्थ पुन्हा घडला नाही. शहाणपण आले होते; किंमत मात्र रॉकी रिजच्या खड्ड्यांनी भरली होती.

लेव्हीचे पुढे काय झाले? पाच वर्षे पुरी केलेल्या मुलाचा बाप त्याच्याकडे परत आला. १८५८ साली लेव्हीने ॲन कूपर या विधवेशी लग्न केले. हीसुद्धा आपल्या दोन मुलींना घेऊन त्याच तुकडीतून, त्याच बर्फातून आलेली. पुढे दहा वर्षांनी त्या मुली वयात आल्यावर पंथाच्या तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्याने त्यांच्याशीही लग्न केले. आपल्याला हे वाचून अवघडल्यासारखे होते, आणि व्हावेच. पंथाने बहुपत्नीत्वाची चाल १८९० साली अधिकृतपणे सोडली. पण ज्याला आपण चांगला म्हणतो त्याच्या चरित्रातले न पटणारे पान फाडून टाकणे हे इतिहासाचे काम नव्हे. दक्षिण यूटातल्या टोकरव्हिल या लहानशा गावी त्याने शेती केली, संसार केला, आणि १३ डिसेंबर १९१० रोजी, नव्वदी पार करून, तो वारला.

दरम्यान १० मे १८६९ रोजी यूटातच प्रॉमंटरी येथे पूर्वेची आणि पश्चिमेची आगगाडी एकमेकींना मिळाली होती. ज्या वाटेने जेम्स कर्कवुडने भावाला पाठीवर नेले, तो प्रवास आता काही दिवसांत बसल्या जागी होऊ लागला. केवळ तेरा वर्षांचे अंतर!

एक प्रश्न मला पुष्कळ दिवस छळत होता. लेव्हीने जावे की नाही? महाभारतातला विदुर आठवतो. त्यानेही भर सभेत सांगितले, कोणी ऐकले नाही. युद्ध पेटले तेव्हा तो बाजूला राहिला. त्यात काही गैर नव्हते. लेव्हीही बाजूला राहू शकला असता. कोणी म्हणेल, त्याच्या जाण्याने चुकीच्या निर्णयाला बळच मिळाले. असा जाणता माणूस बरोबर येतो म्हटल्यावर भित्र्यांनाही धीर आला असेल. हा आक्षेप मला खोडून काढता येत नाही. पण दुसरी बाजूही दिसते. हात वर झाले तेव्हाच म्हातारी माणसे आणि पोरे निघाली होती. तो थांबला म्हणून ती थांबणार नव्हती. मग ज्याला ती वाट ठाऊक आहे, त्याने कुठे असायचे? २३ ऑक्टोबरच्या रात्री मागच्या टोकाला उभे राहायला कोणीतरी हवे होते.

आपले म्हणणे खरे ठरणे ही कधी कधी फार वाईट गोष्ट असते. लेव्हीचे म्हणणे खरे ठरले, आणि ते खरे ठरत असताना तो माणसे उचलत होता. ही हकीकत वाचल्यापासून ‘मी सांगत होतो’ हे शब्द ओठांवर आले, की माझी जीभ जरा अडखळते. घरच्यांना हा बदल अजून जाणवलेला नाही. जाणवला, तर मी त्यांना लेव्ही सॅव्हेजचे नाव सांगणार आहे.